बैठकीतले स्पीकर

गोष्ट २०१९ची. नितेशने अमरावतीच्या बैठकीतले जुने स्पीकर काढून गाडीत बसवले आणि आईला, गोदाबाईंना घेऊन आपल्या बहिणीकडे, आरतीकडे अकोल्याला निघाला.

“शेजाऱ्यायले छळलं, आता रस्त्याले छळ,” गोदाबाई म्हणाल्या.

बडनेऱ्यापुढे त्याने गाणं बंद केलं. तरी स्पीकरमधून घरची बंगई झुलल्यासारखा कड्यांचा आवाज येत राहिला.

“काहून रे, कुलूप लावलं होतं ना?”

“तूच तं लावलं.”

मग स्पीकरमधून गोदाबाईंचाच आवाज आला, “नितेश, जेव्याले कवा येशीन?”

“येतोच, आई,” समोर बघत नितेश म्हणाला.

शेजारी बसलेल्या गोदाबाईंनी तोंडही उघडलं नव्हतं.

त्यांना आरतीच्या दारात उतरवून तो चहाही न घेता परतला.

गोदाबाई अजून आरतीकडेच आहेत. न्यायला कुणी आलं नाही. नितेश अमरावतीत मजेत आहे. आरतीने फोन केला की सांगतो, “आई आत्ताच जेवली. देऊ का तिले फोन?”