चौथं प्रकरण

"दुसरं प्रकरण तुझं आहे, नेझा. तिथूनच सुरुवात करू या," तोंडी परीक्षेला बसताच प्रेबेन सर म्हणाले.

नेझाला वाटलं, सरांची काहीतरी चूक होतेय. तिनं चौथं प्रकरण लिहिलं होतं. ऑक्टोबरपासून दर मंगळवारी वृद्धाश्रमात जाऊन, आल्बिनाबाईंच्या शेजारी बसून. तिनं समोरची प्रत उघडली. अनुक्रमणिकेत प्रत्येक प्रकरणापुढे लिहिणाऱ्याचं नाव होतं. प्रकल्प गटाचा असला तरी गुण ज्याचे त्याला मिळतात, म्हणून ते द्यावंच लागतं. दुसरं प्रकरण, कायद्यांचा आढावा: नेझा. चौथं, आल्बिनाबाईंचं: टिल्डे.

तिनं गटातल्या आस्गरकडे पाहिलं. प्रकल्प त्यानंच पोर्टलवर चढवला होता. "सगळं झालंय, तू फक्त मान्य कर," असा त्याचा निरोप आला होता आणि तिनं न उघडताच मान्य केलं होतं. आस्गर पाण्याच्या ग्लासावरचे बोटांचे ठसे पुसत होता. टिल्डे मात्र तिच्याकडे बघून हसली, धीर द्यावा तशी.

कायद्यांचा आढावा टिल्डेनं एका दुपारी उरकला होता. बाहेरून आलेल्या परीक्षक बिर्गिट यांनी त्यातली चूक लगेच हेरली. "हा कायदा बदलून चार वर्षं झाली. जुनाच का घेतलास?"

"माझ्या लक्षात आलं नाही."

"आणि हा पुढचा परिच्छेद? तुमच्या विषयाशी त्याचा संबंध काय?"

नेझा तो परिच्छेद पहिल्यांदाच वाचत होती. वाचायला वेळ लागला. बिर्गिटनी प्रेबेनकडे बघून मान हलवली आणि पान उलटलं.

"टिल्डे, या बाई जेवतानासुद्धा कोट काढत नाहीत. तू सुरुवातच तिथून केलीस. का?"

"आश्रमात माणसाचं स्वतःचं असं काही उरत नाही," टिल्डे म्हणाली. "तो कोट म्हणजेच तिची खोली. दार लावून बसल्यासारखी ती त्यात बसते."

बिर्गिटनी ते लिहून घेतलं.

आल्बिनाबाईंना दोनची बस पकडायची असायची. मारिबोरची, त्यांच्या आणि नेझाच्या मायदेशातल्या गावाची. कोट त्यासाठी. कुणाला सांगू नकोस, म्हणाल्या होत्या, कळलं तर इथले लोक कोट काढून घेतील. म्हणून नेझानं ते लिहिलं नव्हतं.

"पण बाई डॅनिश विसरून गेल्यात असं तूच लिहिलंयस," बिर्गिट म्हणाल्या. "मग बोललीस कुठल्या भाषेत?"

टिल्डे अडखळली नाही. "नेझा होती ना. ती भाषांतर करायची."

बिर्गिट वळल्या. "असं होय. म्हणजे तू फक्त भाषांतर केलंस?"

नावं खोटी निघाली तर ती फसवणूक, आणि मान्य केलेल्या सगळ्यांवर ठपका. परदेशातून आलेल्यांना पहिल्याच आठवड्यात हे तीनदा बजावलं होतं. सत्र रद्द, मायदेशातल्या विद्यापीठाला पत्र. आस्गरनं ग्लास खाली ठेवला होता. तो आता नेझाकडेच बघत होता.

"हो," नेझा म्हणाली. "फक्त भाषांतर."

निकाल तिथल्या तिथे सांगितला. टिल्डेला बारा, म्हणजे सगळ्यात वरचे. आस्गरला दहा. नेझाला एकटीला आत बोलावून दोन सांगितले. त्याखाली नापासच.

"पास आहेस," प्रेबेन म्हणाले. "पण गटात आपला वाटा उचलायला शीक. इथे दुसऱ्याच्या खांद्यावर बसून चालत नाही."

बाहेर टिल्डेची आई, इथे आनंदाच्या दिवशी लावतात ते कागदी झेंडे आणि केक घेऊन आली होती. आस्गरनं नेझाला खिडकीपाशी गाठलं.

"हे बघ, आम्हाला पुढच्या प्रवेशाला गुणांचा आकडा लागतो. टिल्डेला तर फारच. तुला काय, पास झालं की झालं. तुमच्याकडे तेवढंच बघतात ना?"

"मला विचारायचंस."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

त्याच्या आवाजात राग नव्हता. रस्ता समजावून सांगावा तसा तो बोलला.

टिल्डे दोन बशा घेऊन आली. एक तिनं नेझाच्या हातात दिली. "बिर्गिट म्हणाल्या, हाच विषय प्रबंधाला घे. आपण परत जाऊ या का त्या बाईकडे? तू बोल, मी लिहून काढीन."

"ती गेली. नाताळच्या आधी."

टिल्डेचा चेहरा पडला. खरोखरच पडला. तिनं बशी खिडकीत ठेवली. "अरेरे. तू बोलली नाहीस." मग जरा वेळानं म्हणाली, "रेकॉर्डिंग आहेत ना पण तुझ्याकडे?"

नऊ होती. सगळी फोनवर, दुसरीकडे कुठेही नाही. नेझानं केकची बशी टिल्डेच्या बशीशेजारी ठेवली, फोन काढला आणि पहिलं पुसलं. मग दुसरं.

"काय करतेयस? नेझा, थांब ना. त्या बाईचं दुसरं काहीच उरलेलं नाहीये."

"परीक्षा झाली की पुसायची. नियम आहे."

ती एकेक पुसत गेली. सहाव्यात बाई गायल्या होत्या. तेही पुसलं. टिल्डेनं हात पुढे केला, पण आई बघत होती, तेव्हा मागे घेतला.

प्रेबेन कॉफीचा कप घेऊन दारात उभे होते. ते हे सगळं कौतुकानं बघत होते.

"बघा," ते टिल्डेला आणि आस्गरला म्हणाले. "दुसऱ्याची खासगी गोष्ट अशी जपायची असते. तिच्याकडून एवढं तरी शिका."