सुरक्षेचा रकाना

"डायरेक्टर मॅडम, खाली बघायचं नाही," सुपरवायझरनं तिच्या कमरेचा पट्टा आवळला. "वरही बघायचं नाही. समोरची पायरी तेवढी बघायची."

लिफ्ट जिथपर्यंत जात होती तिथपर्यंत ती डोळे मिटून आली होती. उरलेली शिडी आपल्या पायांनी चढायची होती. शिडीच्या टोकाला क्रेनची केबिन, आणि केबिनच्या दारातून वाकून बघणारा नवरा. साइटवर त्याला सगळे 'वरचा' म्हणत. माल कधी उतरणार, तर वरच्याची मर्जी होईल तेव्हा.

ती डायरेक्टर झाली त्याला तसं काही कारण नव्हतं. त्याची कंपनी म्हणजे तो एकटा आणि एक रबरी शिक्का. नोंदणीला दोन नावं लागत होती, म्हणून दुसरं तिचं. 'सुरक्षेची जबाबदारी' हा रकाना रिकामा राहत होता. "रात्री गॅसचं बटण दोनदा कोण बघतं? तूच," असं म्हणून त्यानं तिथेही तिलाच बसवलं. तेव्हा दोघंही पोट धरून हसले होते. आता नवे नियम आले होते. एजन्सीमार्फत काम घेणाऱ्याची कंपनी खरी आहे की नावापुरती, ते कागदानिशी दाखवायचं होतं. नोंदणीचा दाखला दिला, बँकेचं पत्र दिलं, विमा दिला. एजन्सीनं आणखी एक कागद काढला: सुरक्षेच्या डायरेक्टरनं कामाची जागा स्वतः पाहून सही करावी. आज सही झाली नाही, तर सोमवारी केबिनमध्ये दुसरा माणूस बसणार होता.

"बघून येईन," ती सकाळी म्हणाली होती. "पण खोटी सही मी करणार नाही. सांगून ठेवते."

त्यानं चहाचा कप विसळून पालथा घातला.

ती चढली. मध्येच एकदा तिनं एजन्सीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग त्याचा हात आला आणि ती आत ओढली गेली.

केबिन तिच्या मोरीएवढी होती. एक खुर्ची, दोन दांडे, खिळ्याला अडकवलेला डबा, खिडकीशी घडी घालून ठेवलेलं फडकं. काच लख्ख होती. घरी चष्मासुद्धा न पुसणाऱ्या माणसानं ती पुसली होती. तो बाजूला सरकला आणि त्यानं तिला खुर्चीत बसवलं.

पायांखालीही काच होती.

तिनं पाय वर उचलून घेतले. खाली माणसं होती, मुंग्या म्हणावीत इतकी. पण तिची नजर माणसांवर थांबली नाही, रस्त्यांवरही नाही. आभाळ तिच्या बरोबरीला आलं होतं. नदी कुठून निघून कुठे जाते, ते एका नजरेत दिसत होतं. पक्ष्यांचा एक थवा तिच्या खालून गेला, आणि पक्ष्यांच्या पाठी तिनं जन्मात पहिल्यांदा पाहिल्या.

"अहो," ती कुजबुजली, "तुम्ही रोज इथे बसता?"

"दुसरं कुठे बसणार?"

"आणि घरी येऊन विचारता, भाजी काय केलीस?"

"भूक लागते ना," तो म्हणाला.

केबिन हलकेच डुलली. तिनं दोन्ही हातांनी खुर्ची धरली. ज्यासाठी ती आली होती ते आठवलं. "मागच्या आठवड्यात वारा सुटला होता. मी गच्चीवरून बघत होते. हा क्रेनचा हात आपोआप फिरत होता. कुणाच्या ताब्यात नसल्यासारखा. तुम्ही आत असाल म्हणून मी..."

त्यानं तिच्याकडे बघितलं. म्हणजे काम सोडा, काम सोडा, हे तिचं आठवडाभर का चाललं होतं ते त्याला आत्ता कळलं.

"अगं, मी तेव्हा बसमध्ये होतो. सुट्टी झाली की क्रेनचा हात अडवणारा ब्रेक काढायचा, मगच उतरायचं. रोजचं आहे ते."

"काढायचा? लावायचा नाही?"

"लावला आणि वारा आला, तर वारा सगळा अंगावर घ्यावा लागतो क्रेनला. मोडेल. मोकळी सोडली की वाऱ्याकडे पाठ करून उभी राहते." त्यानं घड्याळ पाहिलं. खाली काम थांबलंच होतं. "बघायचंय?"

तिनं मान हलवली. ती हो होती की नाही, तिलाच माहीत नव्हतं. त्यानं एक बटण दाबलं.

आधी काहीच झालं नाही. मग एवढं मोठं लोखंड, त्या दोघांना पोटात घेऊन, आवाज न करता वळू लागलं. कुणी ढकलत नव्हतं. नदी सरकली. पूल सरकला. उंच इमारती एकेक करून बाजूला झाल्या, आणि काचेत, पार लांबवर, त्यांची गच्ची आली. दोरीवर एक लाल ठिपका हलत होता. सकाळी तिनंच वाळत घातलेली चादर.

तिच्या हातांनी खुर्ची कधी सोडली ते तिला कळलं नाही.

वॉकीटॉकी खरखरला. खालून सुपरवायझर विचारत होता, "मॅडम, एजन्सीचा तिसरा फोन आलाय. जागा सुरक्षित आहे की नाही, काय सांगू?"

नवऱ्यानं वॉकीटॉकी तिच्यापुढे धरला आणि तो दुसरीकडे बघत उभा राहिला.

"सुरक्षित आहे. सही देते म्हणावं," ती चादरीवरची नजर न काढता म्हणाली. "पण थोडं थांबायला सांगा त्यांना. डायरेक्टर अजून तपासतायत."