दोन रेघांमधली जागा

“ढकला काका, मला ढकला,” मोनिका म्हणाली, आणि मुंजाबानं तिला खरंच ढकललं. शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोच्या, म्हाळसाबाईच्या पोटात दुखलं.

शहरातल्या पुंडलिकनगरात किराणा दुकानाच्या वर मोनिकाची फिजिओथेरपीची खोली. मुंजाबा खुर्चीत बसलेला, लकव्यानं लुळा पडलेला उजवा पाय खाली सोडलेला, मांडीवर दोन चिकटपट्ट्या आणि त्यातून बारीक करंट. समोर मोनिका गुडघे टेकून, त्याच्या नडगीला जोर मोजायचं यंत्र दोन्ही हातांनी धरून बसली होती. हाच पाय म्हाळसाबाईनं वेरूळजवळच्या वस्तीवर सहा महिने तेलानं चोळला होता. तिच्यासाठी तो बोटभर हलला नाही. आणि या कालच्या पोरीसाठी बरा उठला.

“करंट उचलतोय त्येला,” ती फणकाऱ्यानं म्हणाली. “ह्यांचं काय त्यात?”

“तेच तर मोजतेय, मावशी. पडद्यावर बघा. पिवळी रेघ करंटच्या वाट्याची, लाल रेघ सगळ्या जोराची. करंट आणि काका मांडीचा एकच दोर ओढतात, म्हणून नुसत्या बेरीज-वजाबाकीनं भागत नाही, गणित जरा किचकट आहे. पण मधली जागा काकांची.”

मधली जागा चांगली चार बोटं होती. म्हाळसाबाईला वाचता येत नव्हतं, पण चार बोटं कळत होती. म्हणजे नवऱ्याच्या अंगात जोर होता, फक्त बायकोसाठी नव्हता. तिचा नुसता तिळपापड झाला.

“ऊठ पोरी. मी धरते.”

“धराच. उद्यापासून घरी तुम्हालाच धरायचंय.” मोनिकानं जागा दिली.

म्हाळसाबाईनं पदर खोचला, टाचांवर बसली आणि यंत्र नडगीला लावलं. “ढकला.”

मांडी थरथरली. लाल रेघ वर चढली आणि पिवळीला चिकटून बसली. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मधे नखाएवढीही जागा नाही.

“काका, असं नका करू,” मोनिका म्हणाली. “तुम्ही जोर लावला नाही तर पाय नुसता करंटवरच राहील. चालायचं कसं मग?”

“कामून नाय लावत?” म्हाळसाबाईचा आवाज चिरकला. “तिच्यासाठी हाय अन् माझ्यासाठी नाय?”

मुंजाबानं मान खाली घातली. त्याची जीभ अजून जड होती, शब्द एकेक करून येत. “म्हाळसे... लाथच हाय ती. भंडारा उचललाय म्या.”

लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी याच पायाची लाथ तिच्या कमरेत बसली होती. दुसऱ्या दिवशी त्यानं खंडोबापुढं भंडारा हातात घेऊन आण घेतली, हा पाय पुन्हा तुझ्यावर उचलणार नाही. म्हाळसाबाईला लाथ आठवत होती. आण ती विसरून गेली होती.

खाली दुकानदार कुणाशी तरी साबुदाण्यावरून हुज्जत घालत होता.

“आण मी सोडवली,” शेवटी ती म्हणाली. “देवाला काय सांगायचं ते मी सांगंन. मारा.”

“लागंल तुला.”

“मारा म्हन्ते ना.”

मांडी ताठ झाली. पाय उठला, आणि टाचांवर बसलेली म्हाळसाबाई मागं फरशीवर आपटली. पडद्यावर लाल रेघ पिवळीला खाली सोडून वर गेली होती.

मोनिका धावली. “मावशी, लागलं का?”

“लागलं,” पदर सावरत म्हाळसाबाई म्हणाली. “ते ऱ्हाऊ दे. मधली जागा तुझ्या येळेपेक्षा जास्ती हाय का, तेवढं बघून सांग.”