कार्ड भरलं होतं म्हणे

"एवढं मोठं कार्ड हा कॅमेरा घेणारच नाही, ताई," असं म्हणून दुरुस्तीवाल्या काकांनी तिचं कोरं करकरीत, एकशे अठ्ठावीस जीबीचं कार्ड काढून काउंटरवर ठेवलं.

कॅमेरा जुना. काकांनी समजावून सांगितलं की त्याला फार तर बत्तीस जीबीपर्यंतचं कार्ड वाचता येतं. त्याहून मोठ्या कार्डावर फाइली ठेवायची पद्धतच निराळी, ती या बापड्याला कळत नाही, म्हणून तो सारखा फॉरमॅट करा, फॉरमॅट करा म्हणत बसतो. तिच्या ते निम्मं डोक्यावरून गेलं. शनिवारी शाळेत लेकीचं नाटक होतं. लेक झाड झाली होती आणि झाडाला चक्क दोन वाक्यं होती. ती दोन वाक्यं हुकता कामा नयेत, एवढंच तिला कळत होतं.

मग जुनंच कार्ड वापरा की, काका म्हणाले. ती म्हणाली, ते लहान आहे, लगेच भरतं, दादानेच सांगितलंय.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. कॅमेरा त्याचाच, मागितल्याबरोबर जुन्या कार्डासकट हसत हसत काढून दिलेला. आणि ते कार्ड भरल्यामुळे काय झालं होतं ते अख्ख्या घराला ठाऊक होतं. गेल्या वर्षी, जायच्या नऊ दिवस आधी, बाबा या कॅमेऱ्यासमोर बसून बावीस मिनिटं बोलले होते. सुनेचं नाव घेतलं, नातवंडांचं घेतलं, अगदी पेपर टाकणाऱ्याचंसुद्धा घेतलं. तिचं नाही. शेवटी "आणि आता एक" एवढं म्हणाले आणि तिथेच संपलं. कार्ड भरलं, असं दादा म्हणाला. बाबा गेल्यावर सगळे जमले तेव्हा ते टीव्हीवर लावलं होतं, आणि संपल्यावर आत्या-मावश्या माना वळवून तिच्याकडे बघत राहिल्या होत्या. मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून सहा वर्षं बाबा तिच्याशी बोलले नव्हते. जातानाही बोलले नाहीत, हे तिच्या जिवाला फार लागलं होतं.

काकांनी जुनं कार्ड आपल्या संगणकाला लावलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"भरलंय कुठे? अर्धंसुद्धा नाही भरलं. दोनच तर फाइली आहेत."

एकच असेल, ती म्हणाली. काकांनी बोट लावून दोन मोजून दाखवल्या. या कार्डावर एक फाइल चार जीबीच्या पुढे जाऊच शकत नाही, त्यांनी सांगितलं. चार झाले की कॅमेरा शूटिंग थांबवत नाही, गुपचूप दुसरी फाइल उघडतो आणि आपला चालू राहतो. पुष्कळांना याचा पत्ताच नसतो, पहिली तेवढी उतरवून घेतात.

तिने जवळचं स्टूल ओढलं आणि बसली. दुसरी लावा, एवढंच म्हणाली.

तीच खुर्ची, तोच निळा स्वेटर. बाबा वाक्याच्या मधूनच सुरू झाले.

"...राहिलं. धाकटीला फोन कर. म्हणावं, माझा राग केव्हाच गेलाय, मीच उगाच ताठा धरून बसलो. तिला बोलावून घे. आजच."

कॅमेऱ्यामागून दादाचा आवाज आला, करतो म्हणाला. मग चपलांचा आवाज लांब गेला.

तिने पदर तोंडाला लावला. रडता रडता तिला हसू येत होतं, आणि ते कुणाला सांगावं ते कळत नव्हतं. काकांनी उगाचच एक स्वच्छ स्क्रूड्रायव्हर पुसायला घेतला. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, बंद करू का, आता नुसतेच बसलेत. दादा कॅमेरा बंद करायला विसरला होता. ती म्हणाली, राहू दे हो, नुसते बसलेत तरी राहू दे.

बाबा बसले होते. त्यांनी हाताने केस नीट केले. स्वेटरचं वरचं बटण लावलं, मग काढलं, मग परत लावलं. दर थोड्या वेळाने दाराकडे बघत होते, जणू ती कोपऱ्यावरच राहते. तिला वाटलं, पडद्यात हात घालून त्यांचा तो हात धरावा. दहा-अकरा मिनिटं अशीच गेली.

चपलांचा आवाज परत आला.

"केला फोन," दादा म्हणाला. "यायचं नाही म्हणाली."

तिचा हात पदरासकट तसाच राहिला. आपण चुकीचं ऐकलं असं तिला वाटलं, आणि तिने काकांकडे पाहिलं. काका खाली बघत होते, म्हणजे त्यांनीही तेच ऐकलं होतं.

"मला फोन आलाच नाही, काका," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "नऊ दिवस होते. नऊ दिवसांत एकदाही नाही आला."

काकांनी बंद करायला हात पुढे केला. तिने त्यांचं मनगट धरलं.

पडद्यावर बाबांनी मान हलवली. बरं, म्हणाले. बटण पुन्हा काढलं. बराच वेळ दाराकडेच बघत राहिले आणि मग त्यांनी हळूच विचारलं,

"आवाज कसा होता तिचा?"