नवा की सेकंडहँड

घरचा सीडी प्लेयर बंद पडल्यापासून गंगाराम धड जेवत नव्हते. बायको, गिरजा, गेली आणि मागे तिची एकच सीडी राहिली, विहारातल्या कार्यक्रमात तिने गायलेल्या गाण्यांची. लेकीने, संघमित्राने, ती गाणी मोबाइलमध्ये घालून दिली. त्यांनी एकदा ऐकली आणि फोन तिच्या हातात परत दिला. "मला प्लेयरच पाहिजे गं," एवढंच म्हणत राहिले. शेवटी ती त्यांना दिघ्याहून वाशीच्या दुकानात घेऊन आली.

दुकानदाराने दोन प्लेयर काढले, एक कोरा, एक सेकंडहँड. दोन्ही भारीतले. त्याने आधी नव्यात सीडी घातली. गाण्याच्या आधी गिरजाबाईंचा आवाज आला, "अहो, ऐकताय ना?" आणि लगेच गाणं सुरू झालं. आवाज इतका स्वच्छ की संघमित्राने ओढणीने डोळे पुसले. गंगाराम मात्र कासावीस झाले. दुकानदारापुढे हात जोडून म्हणाले, "आता त्या दुसऱ्यात लाव ना, बाबा."

दुसऱ्यात सीडी चरा पडलेल्या जागी अडकली.

"अहो, ऐकताय ना? अहो, ऐकताय ना? अहो, ऐकताय ना?"

दुकानदार ओशाळला. "सॉरी काका, याची लेन्स कमजोर झालीय. तुमी नवीनच घ्या," म्हणत तो बटण दाबायला वाकला. गंगारामांनी त्याचा हात घट्ट धरला.



"बंद नको करू. नव्यात ती एकदाच विचारते."