पत्र्यावरचा दात

हापशाचा दांडा तोंडावर बसला आणि सात वर्षांच्या सायलीचा पुढचा दात हातात आला. "रडतीस कशाला? दुधाचाच हाय. उंदीरमामा नवा देईल," म्हणत तिच्या थोरल्या भावानं, दिग्यानं, तो शेणात गुंडाळून पत्र्यावर भिरकावला.

रक्त थांबेना, म्हणून तालुक्याला नेलं. नंबरावरून कंपाउंडरशी भांडून दिग्या आत घुसला.

"दात कुठाय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पत्र्यावर."

"अरे, कायमचा होता तो. या वयात मूळ कच्चं असतं. दुधात घालून लगेच आणला असतास, तर परत रुजला असता."

शाळा सोडल्यापासून कुणाचं ऐकून न घेणारा दिग्या बाईंशी भांडला नाही; सायलीचा हात धरून बाहेर पडला.

घरी येऊन तो पत्र्यावर चढला. शेणाची गोळी उन्हानं खडखडीत वाळली होती.

खालून सायलीनं विचारलं, "दादा, उंदीरमामा कधी देणार रं?"

"देईल की," तो म्हणाला; खाली मात्र उतरला नाही.