शेजारणीचा काढा

पूनमने बाटलीचं निपल जिभेने बाहेर ढकललं आणि भिंतीकडे मान वळवून रडायला लागली. भिंतीपलीकडे शेजारच्या छायाची खोली होती.

वैशालीने बाटली खाली ठेवली. काढा तिने स्वतः उकळला होता. बडीशेप, चिमूटभर ओवा, थोड्या मनुका, डाळिंबाचा रस आणि वरून भरपूर साखर. सासू मालतीबाईंनी जालन्याहून निघताना तो शिकवला होता. आईचं दूध कमी पडलं तर पोराला हाच काढा द्यायचा, असं त्या छातीठोकपणे सांगत. वैशालीचं दूध तर पहिल्यापासूनच बेताचं.

पूनम तीन महिन्यांची झाली तशी वैशाली पुन्हा कारखान्यात साड्यांचे धागे कापायला जाऊ लागली. त्याच सुमारास छायाचं तान्हं तापाने गेलं. प्लेगच्या पळापळीत ओस पडलेली त्यांची गोडादऱ्याची चाळ आता पुन्हा भरली होती, पण छायाच्या खोलीतून आवाज येत नसे. एक दिवस तीच दारात येऊन म्हणाली, "तुझी पोरगी माझ्यापाशी ठेवत जा." वैशालीला वाटलं, बिचारीचा जीव रमेल.

रोज सकाळी ती पूनमला आणि काढ्याच्या बाटल्या छायाकडे सोपवायची. संध्याकाळी बाटल्या रिकाम्या मिळायच्या. पोरगी बाळसं धरू लागली. वैशाली नळावर आपल्या काढ्याचं कौतुक सांगत सुटली.

मग तीन-चार महिन्यांत हळूहळू तिच्या ध्यानात आलं. घरी हाच काढा पूनम तोंडाला लावू देत नव्हती. संध्याकाळी न्यायला गेलं की छायाचा पदर मुठीत घट्ट धरून बसायची. सुट्टीच्या दिवशी छाया ओट्यावर नुसती खोकली तरी आईच्या मांडीवरून पोरीचे डोळे दाराकडे जायचे.

"तू त्यात काय टाकतीस गं?" वैशालीने एकदा विचारलंच.

"काहीच नाही. तू देतीस तेच," छाया म्हणाली आणि मान खाली घालून पूनमचं झबलं सारखं करू लागली.

वैशालीला ते पटलं नाही. तिने काढ्यात वेलची घातली, गूळ घातला, द्राक्षं कुस्करून घातली. पूनमने प्रत्येक वेळी तोंड फिरवलं. कारखान्यात धागे कापताना वैशालीच्या डोळ्यांसमोर छायाची मांडी यायची आणि कात्री साडीत जायची. स्वतःचं गेलं म्हणून आता ही माझं ओढून घेते, हा विचार तिच्या मनात एकदा आला तो निघेना.

मग एका संध्याकाळी पूनम छायाच्या खांद्यावरून वैशालीकडे यायला तयारच होईना. वैशालीने तिला अक्षरशः उपटून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिने काम सोडलं. नवरा श्रीरंग कापडाच्या लूमवरून येऊन जेवत होता. तो म्हणाला, "अगं, पोरगी चांगली होती की तिकडं."

पूनम आली नाही म्हणून छाया दारात आली. "माझं काही चुकलं का?"

"ते तुझं लेकरू नाही," वैशाली म्हणाली.

छाया आल्या पावली परत गेली.

दोन दिवस पूनम भिंतीकडे बघून रडली. तिसऱ्या दिवशी भुकेने बाटलीला लागली आणि घटाघट काढा प्यायली. वैशालीला जिंकल्यासारखं झालं. रडली की बाटली, जागी झाली की बाटली. पोर शांत राहू लागली. मग फारच शांत राहू लागली. गाल बसले, जुलाब सुरू झाले, मांड्यांची कातडी लोंबू लागली.

लिंबायतच्या डॉक्टरीणबाईंनी पूनमला दोन दिवस ठेवून घेतलं. सलाइन उतरल्यावर त्यांनी वैशालीला समोर बसवलं.

"हिला काय पाजता, बेन?"

"काढा. पहिल्यापासून तोच. आणि थोडंसं अंगावरचं."

"गोड पाण्याने पोट फुगतं, मग पोर दूध मागत नाही. आता हा काढा बंद. दूध आणि मऊ भात." बाईंनी पूनमचं मनगट हातात घेतलं. "पण एक सांगा. नुसत्या काढ्यावर ही इथवर वाढली नसती. हिला आजवर दूध कोण पाजत होतं?"

वैशाली रिक्षाने घरी आली. आपलं दार तिने उघडलंच नाही. ती पूनमला घेऊन तशीच छायाच्या खोलीत शिरली. छाया पोळपाटापाशी बसली होती.

"काढ्याचं काय करायचीस तू?"

छायाने हातातलं लाटणं ठेवलं. "मोरीत ओतायचे."

"आणि हिला?"

"माझं आटलंच नव्हतं गं. पहिल्या दिवशी ही भुकेने रडली, आणि मला राहवलं नाही. तुला सांगायला भ्याले. तू म्हणाली असतीस, माझी पोर हिरावली."

वैशाली हेच म्हणाली असती. आताही ते तिच्या ओठांवर होतं. पूनम मात्र छायाकडे झेपावत होती. वैशालीने पोरीला छायाच्या मांडीवर दिलं.

"अजून येतं का?"

छायाने मान डोलावली. हात पुसून तिने पूनमला पदराखाली घेतलं आणि सवयीने वैशालीकडे पाठ केली.

"पाठ नको फिरवूस," वैशाली म्हणाली आणि तिच्यासमोर फरशीवर बसली. "मला बघू दे."